फ्लोरिडाचा दाखला देऊ नका

जेलरोडच्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून शिक्षा भोगून आलेला गल्लीतलाच एक जण महापालिकेच्या मतदानाला रांगेत उभा राहिला, आणि लोकांना ते खपलं नाही. "अशांना मत कशाला? अमेरिकेत बघा, नावच कापतात," असं माझ्या चुलतभावानं लिहिलं आणि खाली अंगठ्यांचा पाऊस पडला.

दादा, मी त्याच अमेरिकेत राहतो, तेही फ्लोरिडात. बघायचंच तर नीट बघ.

खून आणि लैंगिक गुन्हे सोडून, शिक्षा पूर्ण केलेल्यांना मत परत द्या, असा कौल इथल्या जवळपास ६५ टक्के मतदारांनी २०१८ मध्ये दिला. प्रश्न साधारण १४ लाख माणसांचा होता. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं कायदा केला: कोर्टानं लावलेला दंड आणि फी फेडल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असं धरायचं नाही.

आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक साठीचा माणूस आहे. दोन काउंट्यांमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमध्ये, त्याच्या जुन्या केसेस. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला फाइल दाखवली. एका कागदावर बाकी शून्य, दुसऱ्यावर सरकारी वकिलाची फी, तिच्यावर वसुलीवाल्यांचं शुल्क, आणि एका पावतीवरची शाई इतकी उडालेली की आकडाच वाचता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गव्हर्नरांनी बेकायदा मतदान केलं म्हणून २० जणांच्या अटकेची घोषणा केली. त्यातल्या कित्येकांना मतदार कार्ड सरकारी कचेरीतूनच आलेलं होतं. तेव्हापासून हा माणूस नोंदणीचं नाव काढत नाही. टॅक्स मात्र दर पगाराला कापला जातो.

हे हवंय तुम्हाला नाशकात?

आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तुरुंगात असेपर्यंत मत नाही, सुटला की आहे. पावती दाखव, अर्ज कर, काही नाही. आतल्यांचं मत काढून घेणंही मला पटत नाही. त्यात निकाल न लागलेले कच्चे कैदीच जास्त. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं, तरी नाही पटत. मेन आणि व्हरमाँट या राज्यांमध्ये कैदी आतूनही मत देतात, ती अमेरिका दादाला दिसली नाही. पण सुटलेल्याला आपण मत देऊ देतो, ही आपल्याकडची खरी मोठी गोष्ट आहे. गणपतीच्या आधी जेलमधल्या कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती घ्यायला आपणच जातो ना? त्या हातांची मूर्ती मखरात चालते, आणि त्याच बोटाला शाई लागली की पोटात दुखतं?

मला हे इतकं झोंबतं त्याला कारण आहे. ग्रीन कार्डावर इथं मत नाही. परदेशातल्या भारतीयांसाठीचा फॉर्म ६अ भरून नाशिकच्या यादीत नाव घातलंय, पण मत द्यायला बूथवर स्वतः यावं लागतं. २० नोव्हेंबर २०२४ ला तुम्ही विधानसभेला मत देत होतात तेव्हा मी कंटेनर उतरवत होतो. त्याआधी दोन आठवडे इथली निवडणूक झाली, सगळे शर्टावर 'मी मत दिलं'चा स्टिकर लावून कामावर आले. बिनस्टिकरचे आम्ही दोघंच, मी आणि तो फोर्कलिफ्टवाला. त्या दिवशी मला जेलरोडची फार आठवण आली.

दादा, बरीच वर्षं आत काढून आलेल्याचं नाव 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून यादीतून उडालेलं असू शकतं. मग नव्यानं मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरावा लागतो. गल्लीचा बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी बघणारा अधिकारी, तुझ्या ओळखीचा आहे. असं कुणी भेटलं तर त्याला घेऊन जा.