कॅट स्टीव्हन्सचा बहर नेमका केव्हा ओसरला?

ब्रिटिश गायक-गीतकार कॅट स्टीव्हन्सचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य हमखास ऐकू येते: चांगला गात होता, मग धर्माकडे वळला आणि सगळे सोडून बसला. त्याने १९७७ च्या अखेरीस इस्लाम स्वीकारला, पुढच्या वर्षी युसुफ हे नाव घेतले आणि १९७९ मध्ये आपल्या गिटारी लिलावात काढल्या, हे खरेच आहे. परंतु गेले काही आठवडे त्याचे १९६७ पासूनचे अल्बम मी क्रमाने ऐकत आहे आणि माझे मत असे झाले आहे की त्याच्यातल्या गीतकाराला उतरण लागली ती धर्मांतराच्या निदान चार वर्षे आधी. तिचे कारण त्याच्या श्रद्धेत शोधण्यापेक्षा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शोधलेले बरे.

सुरुवात लंडनमधली. वडील ग्रीक सायप्रियट, आई स्वीडिश, घर वडिलांच्या उपाहारगृहाच्या वर. अठराव्या वर्षी त्याचे ‘मॅथ्यू अँड सन’ हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्या काळातली त्याची गाणी आज ऐकताना वाद्यमेळाचा भपकाच आधी कानावर आदळतो. तुताऱ्या, तंतुवाद्ये आणि ढोल यांच्या गर्दीत मुलगा काय म्हणतो आहे ते नीट कळतच नाही. ‘द फर्स्ट कट इज द डीपेस्ट’ हे त्याचेच गाणे, पण ते गाजवले पी. पी. अर्नोल्ड, रॉड स्टुअर्ट आणि शेरिल क्रो यांनी. रचना पक्की होती, तिला मोकळी जागा मिळालेली नव्हती.

ती जागा मिळाली आजारपणानंतर. क्षयाने त्याला कित्येक महिने अंथरुणाला खिळवले आणि उठल्यावर तो जे गाऊ लागला ते जणू दुसऱ्याच माणसाचे होते. १९७० मध्ये ‘मोना बोन जेकन’ आणि ‘टी फॉर द टिलरमन’, १९७१ मध्ये ‘टीझर अँड द फायरकॅट’ असे तीन अल्बम दीड वर्षाच्या आत आले. या तिन्हींचे श्रेय त्याच्याइतकेच आणखी दोघांना द्यावे लागेल: निर्माता पॉल सॅमवेल-स्मिथ आणि दुसरा गिटारवादक ॲलन डेव्हिस. कॅटची गिटार ठोक्याने, जवळजवळ तालवाद्यासारखी वाजते आणि डेव्हिसची गिटार त्या ठोक्यांच्या मधल्या फटींतून बारीक नक्षी काढत जाते. दोन्ही गिटारी मिळून एकच वाद्य वाजत असल्याचा भास होतो आणि तरीही गळ्यासाठी भरपूर अवकाश उरतो. भावगीतावर कान घडलेल्या आपल्यासारख्या श्रोत्याला हे चटकन जवळचे वाटते, कारण शब्दाच्या वाटेत वाद्याने येऊ नये हा दंडक आपण न शिकताच शिकलेलो असतो. ‘टी फॉर द टिलरमन’ हे शीर्षकगीत तर जेमतेम मिनिटभराचे आहे. म्हणायचे ते म्हणून झाले की ते थांबते.

‘फादर अँड सन’वर थोडे थांबतो. रशियन क्रांतीच्या पार्श्वभूमीवरच्या एका संगीतिकेसाठी ते लिहिले गेले होते. मुलाला क्रांतीत सामील व्हायचे आहे, बापाला वाटते त्याने घरीच राहावे. ती संगीतिका उभी राहिली नाही, गाणे राहिले. त्यातली खरी करामत चालीत आहे. बाप आणि मुलगा दोघेही मूळ एकाच चालीत बोलतात. बाप खालच्या, सावकाश स्वरात आणि मुलगा वरच्या पट्टीत, गळा ताणून. चाल एकच असल्यामुळे दोघांचे रक्त एक आहे हे शब्दांत सांगावे लागत नाही, आणि बावीस वर्षांच्या गीतकाराने बापाला मूर्ख ठरवण्याचा मोह टाळला आहे, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते. त्या वयात ते जमणे अवघड. (मला तरी जमले नव्हते, माझ्या वडिलांचे म्हणणे मला पुष्कळ उशिरा ऐकू आले.)

‘टीझर’मध्येही सगळेच सोने आहे असे नाही. ‘पीस ट्रेन’चा उत्साह मला आज घोषणेसारखा वाटतो, तर ‘रूबीलव्ह’मधले बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आणि मधले ग्रीक कडवे अजून ताजे आहे. ज्या गाण्याने तो जगभर घरोघरी पोहोचला त्या ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’चे शब्द एलिनॉर फार्जनचे, चाल जुनी स्कॉटिश गेलिक आणि पियानो रिक वेकमनचा. गळा तेवढा त्याचा, पण तो पुरला.

आता उतरणीकडे वळतो. १९७२ चा ‘कॅच बुल ॲट फोर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि माझ्या कानाला तिथेच गळ्यावरचा ताण जाणवू लागतो. पुढच्या वर्षी ‘फॉरेनर’साठी त्याने सॅमवेल-स्मिथला बाजूला ठेवून निर्मिती स्वतःकडे घेतली, डेव्हिसलाही वगळले, जमैकाला जाऊन ध्वनिमुद्रण केले आणि अल्बमची अख्खी एक बाजू अठरा मिनिटांच्या एकाच रचनेला दिली. त्या अठरा मिनिटांत सुंदर तुकडे आहेत, पण ‘आता पुरे’ म्हणणारा माणूस खोलीत नव्हता हे पदोपदी जाणवते. माझा हा निवाडा कठोर वाटत असेल तर एक पुरावा खुद्द त्याच्याकडूनच मिळतो: २००६ मध्ये ‘ॲन अदर कप’ या अल्बमने तो लोकप्रिय संगीतात परतला, तेव्हा त्याच रचनेतला एक भाग उचलून त्याने त्याचे एक आटोपशीर गाणे केले, आणि ते मूळ रचनेपेक्षा सरस उतरले आहे.

त्यानंतरच्या ‘बुद्धा अँड द चॉकलेट बॉक्स’मध्ये जुने सहकारी परतले, पण जादू अधूनमधूनच. १९७५ चा ‘नंबर्स’ ही एका काल्पनिक ग्रहावरची अंकांची कथा; तिच्याविषयी न बोलणेच सभ्यपणाचे. उलट १९७७ च्या ‘इझिट्सो’ची बाजू मी घेईन. त्यातल्या ‘वॉज डॉग अ डोनट?’ या शब्दविरहित तुकड्यात तो सिंथेसायझरशी लहान मुलासारखा खेळतो आहे, आणि कितीतरी वर्षांनी तो स्वतःची नक्कल करत नाही.

परतल्यानंतरच्या अल्बमपैकी मी पुन्हा ऐकेन तो २०१७ चा ‘द लाफिंग ॲपल’. सॅमवेल-स्मिथ आणि डेव्हिस दोघेही त्यात आहेत आणि ‘ब्लॅकनेस ऑफ द नाइट’सारखी १९६७ मधली काही गाणी त्यांनी नव्याने केली आहेत. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकून पाहाव्यात. शब्द तेच, चाल तीच. पन्नास वर्षांपूर्वी जे गाणे वाद्यांखाली गुदमरले होते, ते सत्तरीला टेकलेल्या आवाजात मोकळा श्वास घेते.

२०२० मध्ये त्याने ‘टी फॉर द टिलरमन’ संपूर्ण पुन्हा ध्वनिमुद्रित केला. बहुतेक गाण्यांना त्याची गरज नव्हती असे माझे मत आहे. अपवाद ‘फादर अँड सन’चा. त्यात बापाच्या ओळी सत्तरी गाठलेला युसुफ गातो आणि मुलाच्या ओळींसाठी त्याने १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ट्रूबॅडोर’ क्लबमध्ये गायलेला स्वतःचाच आवाज घेतला आहे. बाप आता खर्ज लावून गात नाही. त्याचा आवाज आपोआपच खाली उतरलेला आहे.