‘एकदा भरा, महिनाभर विसरा’ म्हणे!

बागकाम करणाऱ्यांमध्ये एक कृती हातोहात फिरते आहे. गादीवाफ्याच्या तळाशी जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर वीतभर खडी, खडीवर कापड, कापडावर माती. उभ्या पाइपातून खडीत पाणी भरा. ते आपोआप वर चढतं, महिनाभर बघावं लागत नाही, खडीमुळे निचरा होतो, खतही पाइपातूनच देता येतं, आणि गच्चीवरही असा वाफा खुशाल बांधावा. स्वयंसिंचित वाफ्याची कल्पना उत्तमच आहे. पाणी खालून मिळत असल्याने मातीचा वरचा थर कोरडा राहतो आणि उन्हाने उडून जाणारं पाणी वाचतं. या कृतीतले तपशील मात्र एकेक करून तपासायला हवेत.

पाणी खडीतून आपोआप वर चढतं, इथेच घोडं पेंड खातं. पाणी वर ओढलं जातं ते केशाकर्षणाने, आणि त्यासाठी बारीक पोकळ्या लागतात. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी साधारण ३० सेंटीमीटर चढतं, १ मिलिमीटरच्या नळीत ३ सेंटीमीटर आणि ५ मिलिमीटरच्या नळीत जेमतेम ६ मिलिमीटर. बांधकामाच्या खडीतल्या फटी या शेवटच्या नळीच्या जातीच्या. खात्री करायची तर काचेच्या बरणीत कोरडी खडी भरा, तळाशी दोन बोटं पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. ओलीची रेघ पाण्याच्या किंचित वर थांबलेली असते. त्यावरची खडी अंगावरच्या धुळीसकट जशीच्या तशी कोरडी. शेजारच्या बरणीत कंपोस्ट मिसळलेली भुसभुशीत, जराशी दमट माती घेऊन तेवढंच पाणी घाला. तिथे काळपट ओल हळूहळू वर सरकताना डोळ्यांनी दिसते.

म्हणजे पाणी कापडाला टेकलेलं असेल तोवरच मातीला मिळणार. पातळी दोन-तीन बोटं उतरली की खाली अर्ध्याहून जास्त टाकी, म्हणजे पाणी साठवणारा खडीचा थर, भरलेली आणि वर रोपांनी माना टाकलेल्या, असा प्रकार होतो. वात तेलापर्यंत पोचलीच नाही तर दिवा जळणार कसा? यावरचा उपाय सोपा आहे. मातीलाच पाण्यात उतरवायचं. जाळीदार टोपल्या किंवा बाजूंना भोकं पाडलेल्या कुंड्या टाकीच्या तळावर ठेवायच्या, त्यांत वाफ्यातलीच माती चेपून भरायची आणि त्यांच्यावरचं कापड कापून टाकायचं, म्हणजे खालची माती वरच्या मातीला सलग जोडली जाते. याच वाफ्याच्या वाती. मोठ्या वाफ्यात अशी एकच टोपली पुरत नाही. चारी बाजूंना विखरून ठेवाव्या लागतात. वरच्या मातीची जाडीही ३० सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी. त्याहून उंच थर रचला तर वरच्या भागापर्यंत ओल धड पोचत नाही.

महिनाभराचा हिशेब कागदावर मांडला तरी कोसळतो. एक चौरस मीटरच्या वाफ्यात २० सेंटीमीटर खोल टाकी केली तर जागा होते २०० लिटरची. खडी त्यातली साठ टक्के जागा खाते, पाण्याला उरतात सुमारे ८० लिटर. कडक उन्हात भाजीपाला आणि माती मिळून चौरस मीटरमागे दिवसाला ५ ते ६ लिटर पाणी सहज संपवतात. म्हणजे फार तर दोन आठवडे, तेही वाती नीट असतील आणि टाकीतला थेंबन् थेंब वर ओढला जाईल तर. लागवड झाल्या झाल्या तर हेही लागू नाही. बी पडतं वरच्या कोरड्या थरात; ते उगवून मुळं खाली ओलीत उतरेपर्यंत झारीने वरूनच पाणी द्यावं लागतं.

खडीमुळे निचरा होतो हे तर अगदी उलटं आहे. बारीक मातीखाली जाड खडी आली की मातीचा तळ पाण्याने गच्च भरेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. शिवाय इथे खडीखाली अभेद्य प्लास्टिक! निचऱ्याचं काम करतो तो टाकीच्या वरच्या काठाशी, मातीच्या जरा खाली बसवलेला ओव्हरफ्लो पाइप, आणि या कृतीत नेमका त्याचाच पत्ता नाही. तो नसेल तर एका जोराच्या पावसात पाणी मातीत चढतं, वाफसा (मातीतला ओल आणि हवेचा मेळ) मोडतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. दोन्ही पाइपांच्या तोंडांना बारीक जाळी हवी, नाहीतर टाकीत डासांची पैदास व्हायची.

खत पाइपातून देऊ नये. शेणखताची किंवा कंपोस्टची स्लरी बंद टाकीत हवेविना सडते आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. रासायनिक खत विरघळेल, पण त्यातले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मातीवर पांढुरका थर धरून बसतात. साध्या वाफ्यात ते वरून दिलेल्या पाण्याने खाली धुऊन जातात. इथे पाण्याची वाटच उलटी. तेव्हा खत वरच्या मातीत मिसळावं आणि अधूनमधून वरूनच भरपूर पाणी सोडून ओव्हरफ्लोतून वाहू द्यावं. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर हे टाळून चालणारच नाही.

आणि गच्ची. वरच्याच मापाच्या वाफ्यात खडी तीनशे किलोच्या वर, पाणी ८० किलो, ३० सेंटीमीटर ओली माती साडेचारशे-पाचशे किलो. बेरीज साडेआठशेच्या घरात, एका चौरस मीटरवर. लोकांच्या वावरासाठी बांधलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो अतिरिक्त भार धरून आखलेला असतो. खडीऐवजी पोकळ प्लास्टिक क्रेट टाकले तरी त्या जागी पाणी भरणार, त्यामुळे वजन साडेसहाशेच्या खाली जात नाही. गच्चीवर हौस करायचीच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि त्याने नको म्हटलं तर वाफा जमिनीवर बांधा.