पाच मिनिटांचा रिव्ह्यू

"दादा, छोटासाच चेंज आहे, पाच मिनिटं नजर टाक ना." टीममधला ज्युनिअर असं म्हणाला की मी आधी बाटलीत पाणी भरून घेतो. सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड पाच मिनिटांत बघून झालाय असं माझ्या बाबतीत आजवर घडलेलं नाही.

काम काय, तर २०० सर्व्हरची लिंक्ड लिस्ट, म्हणजे साखळी, तिच्या एकेका कडीला नोड म्हणायचं. प्रत्येक नोडमध्ये नाव, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पोर्ट, पिंग (सर्व्हरला हाक मारल्यावर उत्तर यायला लागणारा वेळ) आणि मेमरीतला पुढच्या नोडचा पत्ता. पिंगनुसार लावायची, कमी पिंगवाला आधी. बस. एवढंच.

याने बबल सॉर्ट (शेजारच्या दोघांची तुलना करून अदलाबदल करत राहायचं) लिहिलेला, आणि तोसुद्धा पॉइंटर, म्हणजे ते मेमरीतले पत्ते, फिरवून, म्हणजे नोडची नुसती संगीत खुर्ची. आता फंक्शनला हेड, म्हणजे पहिल्या नोडचा पत्ता, दिलाय तो साधा, पॉइंटरचा पॉइंटर नाही, म्हणजे आतून बाहेरचा हेड बदलता येत नाही, त्यामुळे आत सगळे नीट रांगेत लागले तरी बाहेरचा हेड मात्र अजून त्या जुन्याच पहिल्या नोडला धरून बसलेला, आणि तो बिचारा सॉर्टनंतर १९० व्या नंबरवर गेलेला. आत २०० गेले, बाहेर ११ दिसले. बाकीचे १८९ मेमरीत आहेत हो, पण हाक मारायला कुणी नाही. लिस्टला शेंडा ना बुडखा. विचारलं तर म्हणे "टेस्टमध्ये चालतंय की." टेस्ट उघडली. तीन सर्व्हर, आणि तेही आधीच क्रमाने लावलेले.

ठीक आहे म्हणलं, निदान तुलना करणारं फंक्शन तरी सरळ असेल.

ते पठ्ठं प्रत्येक तुलनेला दोन्ही सर्व्हरना खरोखरचा पिंग मारत होतं! मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. २०० नोडचा नीट लिहिलेला बबल सॉर्टसुद्धा १९,९०० तुलनांपर्यंत जातो, तुलनेला दोन पिंग, एक पिंग ५० मिलिसेकंदांचा धरा, झाली ३३ मिनिटं. एक लिस्ट लावायला! त्यात पिंग दर वेळी थोडा वेगळा येणार, म्हणजे क पेक्षा ख मोठा, ख पेक्षा ग मोठा आणि ग पेक्षा परत क मोठा, आणि याचा लूप तर अदलाबदल थांबेपर्यंत फिरत राहणारा. थांबतोय कशाला.

पिंग सारखे आले तर आयपीवर निर्णय, तो strcmp ने, म्हणजे आकडे म्हणून नव्हे तर एकेक अक्षर ताडून, म्हणून शेवटी .१० वाला .९ वाल्याच्या आधी. हे मी एका ओळीत लिहून सोडून दिलं, दम राहिला नव्हता.

मर्ज सॉर्ट सुचवला, म्हणजे लिस्ट अर्धी अर्धी तोडत जायची आणि लावलेले अर्धे परत जोडायचे. लिंक्ड लिस्टला तोच झेपतो, मधल्या कुठल्या तरी नोडवर थेट उडी मारायची गरज नाही, २०० नोडला जास्तीत जास्त १,३४५ तुलना, आणि पिंग आधी एकदाच मोजून नोडमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मर्ज सॉर्ट आला. लिस्ट मधोमध तोडताना पहिल्या अर्ध्याच्या शेवटी NULL (लिस्ट इथे संपली ही खूण) टाकायला विसरलेला, म्हणून तो अर्धा कधी लहानच होईना आणि रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच परत परत बोलावून, स्टॅक (त्या बोलावण्यांसाठीची मेमरी) खाल्ला. आगीतून फुफाट्यात. पण हे त्याचं त्यानेच शोधलं, तेवढे मार्क दिले पाहिजेत.

आता लिस्ट पूर्ण आली, झटक्यात आली, आणि पहिल्या नंबरवर कोण? तर बंद पडलेला सर्व्हर. उत्तर आलं नाही की पिंग -१ ठेवायचा अशी पद्धत, आणि -१ पेक्षा जलद कोण असणार. मी कमेंट टाकली, की मेलेले सर्व्हर शेवटी गेले पाहिजेत.

दहा मिनिटांत उत्तर, "डन दादा, पिंग अनसाइन्ड (उणे न होणारा) केला, आता -१ चे ४२९४९६७२९५ होतात, आपोआप शेवटी जातील."

तुलनेची ओळ मात्र तशीच होती, a चा पिंग वजा b चा पिंग, उत्तर int (उणे-अधिक दोन्ही चालणाऱ्या पूर्णांका) मध्ये, आणि ते अधिक आलं की b पुढे. ५० मधून ४२९४९६७२९५ अनसाइन्डमध्ये वजा केले की गोल फिरून ५१ येतात, अगदी पहिल्यासारखेच.

मी बाटली परत भरून आणली.