छपराचं एस्टिमेट की अंदाजपंचे दाहोदरसे?

छपराच्या शिंगल्स, म्हणजे वर एकावर एक ठोकलेल्या चपट्या पट्ट्या, बदलायला किती खर्च येईल, एवढा एकच प्रश्न विचारतोय मी गेले तीन आठवडे. तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले, तीन आकडे टाकून गेले, आणि सगळ्यात महागडा आकडा सगळ्यात स्वस्ताच्या जवळजवळ दुप्पट! घर तेच, छप्पर तेच, बेडरूमच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा पडलेला डागही तोच.

पहिल्यानं तर शिडी आणलीच नव्हती. दारात उभं राहून मान वर केली, डोळे बारीक केले आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा खरडून दिला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुसरा निदान वर चढला, फोटोबिटो काढले, म्हटलं चला हा कामाचा दिसतोय, तर कोटेशनवर एकच ओळ, "संपूर्ण छप्पर नवीन", आणि पुढे आकडा. आता त्यात जुन्या शिंगल्स उपसून काढणं धरलंय की त्यावरच नवीन ठोकणार, शिंगल्सखाली अंथरायचा पाणी अडवणारा थर, अंडरलेमेंट, कुठलं, चिमणीभोवतीचं फ्लॅशिंग, म्हणजे सांध्यात पाणी शिरू नये म्हणून बसवलेला पत्रा, नवं की तेच गंजकं परत चिकटवणार, कचरा उचलायचे पैसे कोण देणार, काही म्हणजे काही नाही. विचारलं तर म्हणे "सगळं त्यात आलं". अरे सगळं आलं तर लिहायला काय हात दुखतात का?

तिसरा म्हणाला 22 स्क्वेअर. एक स्क्वेअर म्हणजे 100 चौरस फूट, हे ज्ञान मला याच भानगडीत झालं. डोकं फिरलं, शनिवारी टेप घेऊन स्वतः माळ्यावर चढलो. बुडबुड्याच्या लेव्हलपट्टीचं एक टोक वाशाला टेकवलं, बुडबुडा मधोमध आणला, 12 इंचांवर खूण केली आणि तिथून सरळ वर वाशापर्यंत मोजलं. बरोब्बर 6 इंच. डोक्यात जळमटं, गुडघ्याला खरचटलेलं, पण उतार कळला. घर 40 बाय 30, चारी बाजूंनी फूटभर वळचण धरून 42 बाय 32, म्हणजे 1344 चौरस फूट, उतारामुळे छप्पर त्याहून मोठं भरतं, म्हणून 12 ला 6 च्या उतारासाठी त्याला गुणायचं 1.118 ने, झाले साधारण 1500. पंधरा स्क्वेअर! दहा टक्के वेस्टेज धरलं तरी साडेसोळा. दोन पाख्यांचं सरळसोट छप्पर आहे माझं, दोन उतार खोबणीसारखे मिळतात ती व्हॅली एकही नाही, वेस्टेज जास्त जायला काही कारणच नाही. बरं, आढ्यावरच्या कॅप आणि कडेच्या स्टार्टर पट्ट्या वेगळ्या धरा हवं तर, पण त्याच्या 22 मधले उरलेले साडेपाच स्क्वेअर? स्क्वेअरला तीन बंडल धरले तर सोळा बंडलं झाली ना ती, जातात कुठे? त्याला हे सांगितलं तर तोंड असं केलं जसं मीच त्याचा खिसा मारलाय.

आणि ते प्लायवूड! जुनं उपसल्याशिवाय खाली किती कुजलंय ते कळत नाही, मान्य, शंभरदा मान्य. मग निदान 4 बाय 8 च्या एका शीटचा रेट तरी आत्ता लिहून द्या? नाही. तिघांचंही एकच पालुपद, "ते तेव्हा बघू". तेव्हा म्हणजे कधी, तर छप्पर उघडं पडलेलं, आभाळ भरून आलेलं आणि मी खाली हात जोडून उभा, तेव्हा. वर परत आजच सही केली तर डिस्काउंट. उद्या माझं छप्पर वाढणारे का रात्रीतून??

काल चौथ्याला फोन केला. म्हणे यायची गरजच नाही, एक फोटो पाठवा, पाच मिनिटांत आकडा सांगतो. पाठवला मग. त्या डागाखाली ठेवलेल्या बादलीचा.