अलवरच्या ‘रोल्स-रॉइस कचरागाड्या’: आधी चॅसी नंबर सांगा

दर वर्षी 15 ऑगस्ट जवळ आला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज येतोच. पाठवणारा दर वेळी वेगळा, मजकूर तोच. गेल्या खेपेला थोरल्या काकांनी पाठवला आणि खाली लिहिलं, “तुला गाड्यांचं वेड आहे ना, वाच.” वाचला, विसाव्यांदा. काकांना ग्रुपवर उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा. 1920 साली अलवरचे महाराजा जयसिंग साध्या कपड्यांत लंडनमध्ये फिरत होते. फिरता फिरता ते रोल्स-रॉइसच्या शोरूममध्ये शिरले. विक्रेत्याने त्यांना कंगाल हिंदुस्थानी समजून बाहेर काढलं. महाराज हॉटेलवर परतले, निरोप धाडला, मग राजेशाही थाटात आले आणि शोरूममधल्या सहाच्या सहा गाड्या रोख पैसे मोजून घेतल्या. अलवरला आणून त्या नगरपालिकेकडे दिल्या: यांतून गावाचा कचरा उचला. जगभर कंपनीचं हसं झालं, युरोप-अमेरिकेत विक्री कोसळली. शेवटी कंपनीने माफीची तार पाठवली आणि वर सहा गाड्या फुकट दिल्या. पुरावा म्हणून खाली एक फोटो. पुढच्या चाकांसमोर खराटे बांधलेली जुनी मोटार.

फोटोपासूनच सुरुवात करू, कारण “फोटो आहे की राव!” इथेच वाद संपतो असं लोकांना वाटतं. नीट बघा. खराटे कुठे आहेत? बरोबर चाकांच्या पुढे, चाकाच्या पट्ट्यापुरते. मधला सगळा रस्ता तसाच. रस्ता झाडायचा असता तर खराटा गाडीच्या रुंदीभर हवा, आणि झाडलेला केर गोळा व्हायला काहीतरी सोय हवी. इथे टोपली नाही, पेटी नाही, कचऱ्याचा कपटाही नाही. ही जोडणी रस्ता स्वच्छ करण्याची नाही, टायर वाचवण्याची आहे. त्या काळी रस्त्यावर मोटारी कमी आणि घोडे-बैल जास्त. घोड्यांच्या नालांचे आणि बैलांच्या पत्र्यांचे खिळे वाटेत पडलेले असत. टायर अरुंद, आत ट्यूब, हवा कडक भरलेली. एक खिळा लागला की अर्धा दिवस गेला. चाकापुढचा खिळा बाजूला सरकवायचा एवढंच त्या खराट्याचं काम. बैलगाडीच्या रस्त्यावर सायकल चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये.

आता राजा कोण? आमच्या ग्रुपवर अलवर. ऑफिसातल्या एकाच्या मेसेजमध्ये पतियाळाचे भूपिंदर सिंग. तिसरीकडे भरतपूरचे किशन सिंग, चौथीकडे हैदराबादचा निजाम. गाड्या कुठे तीन, कुठे सहा, कुठे सात. घडलेल्या गोष्टीत तपशील थोडे हलतात हे मान्य. पण इथे माणूस, गाव आणि आकडा तिन्ही बदलतात आणि जागेवर राहतो तो फक्त अपमान आणि सूड. अशी गोष्ट घडलेली नसते, रचलेली असते. आणि भूपिंदर सिंगांना लंडनमध्ये कोणी ओळखू नये? ते 1911 मध्ये हिंदुस्थानी क्रिकेट संघाचे कप्तान म्हणून इंग्लंडभर खेळून आले होते. (याच दौऱ्यात आपल्या पळवणकर बाळूंनी शंभरावर बळी घेतले. त्याचा मेसेज मात्र कधी येत नाही.)

माझा खरा आक्षेप आहे तो ‘सहाच्या सहा गाड्या घेतल्या’ या वाक्याला. रोल्स-रॉइस म्हणजे काय वस्तू होती हे ज्याला ठाऊक आहे तो हे वाक्य लिहिणार नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही कंपनी आपल्याला आज वाटते तशी ‘गाडी’ विकतच नव्हती. ती चॅसी विकायची. म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअर, चाकं, पुढचा रेडिएटर. वरची बॉडी गिऱ्हाइकाने बार्कर, हूपर, मुलिनर अशा बॉडी बांधणाऱ्या नामांकित कारखान्यांपैकी एकाकडून करून घ्यायची. आपल्याकडे ट्रकची चॅसी घेऊन बॉडी बाहेर बांधून घेतात ना, तोच प्रकार, फक्त कातडं आणि लाकूड राजेशाही. लाकडी चौकट, त्यावर हाताने ठोकलेला पत्रा, मग रंगाचे हात एकावर एक. याला महिने लागत. पहिल्या महायुद्धाआधी नुसत्या चॅसीची किंमत 985 पौंड होती, बॉडीचे पैसे वेगळे. लंडनच्या कॉन्डुइट स्ट्रीटवरच्या त्यांच्या दालनात दाखवायला एखाद-दुसरी तयार गाडी असेलही. पण सहा गाड्या एका दमात उचलून नेल्या म्हणजे बाजारातून सहा नारळ आणले असं नव्हे. शोरूम बाँड स्ट्रीटवर होतं असंही मेसेज म्हणतो. कॉन्डुइट स्ट्रीट बाँड स्ट्रीटलाच मिळतो, तेव्हा तेवढी चूक सोडून देऊ.

बरं, घेतल्या असं धरून चालू. मग नोंद कुठाय? रोल्स-रॉइसची प्रत्येक चॅसी नंबर घेऊनच कारखान्याबाहेर पडे. कोणासाठी, कुठल्या बॉडीवाल्याकडे, कधी गेली याची कार्डं ठेवलेली असत. ती आजही जपून ठेवलेली आहेत आणि जुन्या गाड्यांचे लोक त्यावरूनच एकेका गाडीची वंशावळ काढतात. म्हणूनच आपल्याला कोटा संस्थानच्या महाराव उमेद सिंगांची 1925 ची शिकारी रोल्स-रॉइस फँटम माहीत आहे. बॉडी बार्करची, वर वाघाच्या शिकारीसाठी सर्चलाइट आणि बंदुकांची सोय. एवढा चक्रमपणा कागदावर उतरला आहे. मग जगभर गाजलेल्या सहा कचरागाड्यांचा एकही चॅसी नंबर कुठल्याच मेसेजमध्ये कसा नाही? माफीच्या तारेचं तेच. तिची तारीख नाही, मजकूर नाही, सही नाही.

कचऱ्याकडे वळू. 1920 साली आपल्या शहरांत कचरा रेड्याच्या नाहीतर बैलाच्या गाडीतून जाई. त्या गाडीला मागे फळ्या असतात, त्या काढल्या की सगळं खाली. मागे मऊ गादी असलेल्या उघड्या टूरर मोटारीत केर भरायचा कुठून आणि उपसायचा कसा? हे वाक्य लिहिणाऱ्याने कचऱ्याची गाडी कधी रिकामी होताना पाहिलेली नाही.

आता विक्री कोसळल्याची बाब. मेसेजमधलं हे सगळ्यात ठोस विधान, आणि सगळ्यात सरळ खोटं. 1920 च्या सुमारास रोल्स-रॉइस काय करत होती? अमेरिकेतली मागणी इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्याला पुरी करता येईना म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला दुसरा कारखाना उभारत होती. 1921 पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सिल्व्हर घोस्ट या मॉडेलच्या इंग्लंडात सहा हजारांवर आणि स्प्रिंगफील्डमध्ये सतराशेच्या आसपास चॅसी झाल्या. स्प्रिंगफील्ड बंद पडलं ते 1931 मध्ये, जागतिक मंदीत. त्या वेळी एकटी रोल्स-रॉइस नाही, अमेरिकेतल्या भल्याभल्या मोटार कंपन्या गाशा गुंडाळत होत्या. ते खापर अलवरच्या नगरपालिकेवर फोडायचं म्हणजे जरा जास्तच.

हलक्या कामाला लावली म्हणून गाडीची अब्रू जाते हे गृहीतकच मुळात कच्चं आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने याच सिल्व्हर घोस्टच्या चॅसीवर चिलखती पत्रे ठोकले, वर मशीनगनचा मनोरा बसवला आणि पुढे लष्कराने त्या गाड्या अरबस्तानच्या वाळवंटात पिटाळल्या. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दिमतीला याच गाड्या होत्या. सामान वाहायलाही त्याच चॅसीच्या गाड्या होत्या, म्हणजे सरळ हमालीच. 1921 मध्ये तर या चिलखती गाडीचा खास हिंदुस्थानी नमुना निघाला. चिखल, धूळ, गोळ्या, ओझी सगळं झालं. कंपनीची अब्रू गेली नाही, उलट ‘ही गाडी कशातही चालते’ असा डंका पिटला गेला. कचरा वाहिला असता तरी कंपनीने बहुधा त्याचीच जाहिरात केली असती.

आणि आता या गोष्टीचा नायक. इथे मात्र मला हसू येत नाही. मेसेजमध्ये जयसिंग हे हिंदुस्थानच्या अपमानाचा बदला घेणारे स्वाभिमानी राजे. खरे जयसिंग 1882 चे, दहाव्या वर्षी गादीवर बसलेले. साहेबाच्या दरबारात ते अनोळखी मुळीच नव्हते. 1923 च्या इम्पीरियल कॉन्फरन्सला ते लंडनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बसले, पुढे गोलमेज परिषदेलाही गेले. मोटारींचा शौक दांडगा होता हे खरं. तो कसा होता बघा. 1924 मध्ये त्यांनी लँचेस्टर या इंग्लिश कंपनीकडून एक गाडी बनवून घेतली, जिचा मागचा भाग ब्रिटिश राजाच्या राज्याभिषेकाच्या बग्गीसारखा घडवलेला होता, सोन्याच्या झळाळीसकट. इंग्रजी मोटारीवर सूड उगवणाऱ्या माणसाचं हे लक्षण नव्हे. साहेबाच्या राजासारखं दिसायची हौस असलेल्या माणसाचं आहे.

त्यांच्या राज्यात 1925 मध्ये नीमूचाणा गावी वाढीव साऱ्याविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर संस्थानच्या फौजेने गोळ्या चालवल्या. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याचा कडक शब्दांत निषेध केला. 1932-33 मध्ये मेव समाजाचे शेतकरी साऱ्यापायीच उठले, ते प्रकरण इतकं चिघळलं की इंग्रजांनी महाराजांना राज्याबाहेर घालवलं. 1937 मध्ये पॅरिसमध्ये ते वारले. ज्या रयतेने सारा भरून हा मोटारींचा ताफा पोसला, तिच्यातलं कोणीच त्या मेसेजमध्ये नाही. स्वातंत्र्यदिनाला आपण नेमका कोणाचा जयजयकार करतोय हे एकदा तपासायला हरकत नाही.

काकांच्या बाजूनेही बोलायला हवं. त्या काळी लंडनच्या दुकानात काळ्या माणसाला हाकललं जाणं अशक्य होतं का? मुळीच नाही. रोज घडत असेल. म्हणून तर ही गोष्ट ऐकताक्षणी पटते. अपमान खरा वाटतो, आणि त्याला जोडून सूडही खरा वाटायला लागतो. हा साचा आपल्या ओळखीचा आहे. वॉटसन हॉटेलात ‘हिंदी लोकांना प्रवेश नाही’ म्हणून जमशेटजी टाटांना अडवलं आणि त्यांनी चिडून ताज बांधलं, ही मुंबईची लाडकी दंतकथा. ताज 1903 मध्ये उघडलं एवढं पक्कं, बाकीच्याला त्या काळचा कागद नाही. त्याशेजारी टाटा-फोर्डची गोष्ट ठेवून बघा. 1999 मध्ये मोटार विभाग विकायला गेलेल्या टाटांना डेट्रॉइटमध्ये टोमणे ऐकावे लागले, आणि 2008 मध्ये टाटांनी फोर्डकडूनच जॅग्वार-लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतली. ही हकिगत टाटा समूहातले अधिकारी प्रवीण काडले यांनी 2015 मध्ये मुंबईत जाहीर समारंभात सांगितली, आणि ते त्या बैठकीला गेलेल्या चमूत होते. तिच्यावर शंका घ्यायची तर निदान कोणाला विचारायचं हे तरी कळतं. अलवरच्या गोष्टीत विचारायला माणूसच नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. रोल्स-रॉइस आणि हिंदुस्थानी राजे यांची सुरुवातीची खरी गोष्ट आपल्याच रस्त्यावर घडली आहे आणि ती कोणी पुढे पाठवत नाही. 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणी झाली. रस्ता घाटांचा, आणि तोही तेव्हाचा. डांबर नाही, वळणावर कठडा नाही, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. त्या चाचणीत एक 40/50 रोल्स-रॉइस (म्हणजे तीच सिल्व्हर घोस्ट) उतरली होती, नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. कोणी कोणाला दुकानातून हाकललं नव्हतं. राजाने घाटात चाललेली गाडी घेतली, तुम्ही-आम्ही घेऊ तशी. तिथून पुढे राजांमध्ये या गाडीची चढाओढच लागली. 1911 च्या दिल्ली दरबारासाठी सरकारनेही आठ मागवल्या.

मी कोल्हापूरचा. दसऱ्याला आमच्याकडे छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते आणि दसरा चौकात ती बघायला ही गर्दी. थांबलो की कोणीतरी जुन्या गाड्यांचा विषय काढतोच, आणि दुसरा लगेच कचरागाड्या सुरू करतो. मग मी ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ सांगायला घेतो. ऐकणारा कोल्हापूरकर मला अर्ध्यात अडवून एकच विचारतो, “मग आली का ती हितंपर्यंत?”

आली की. आणि जिंकलीसुद्धा.