‘काउटाउ’ म्हणजे चापलुसी नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्रजीत नको तितकं नमण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘काउटाउ’ या शब्दावरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप तीन : काउटाउ हा चिनी लोकांचा साष्टांग नमस्कार असल्याने त्याला लाचारी म्हणणं अपमानकारक आहे; शब्द इंग्रजी ‘काउ’ (धाक घालणे) या क्रियापदातून आला; आणि मराठीत त्याला सरळ ‘चापलुसी’ म्हणावं. पहिल्यात बरंच तथ्य आहे. बाकीचे दोन मला मान्य नाहीत.

व्युत्पत्ती आधी. काउटाउ मूळ चिनी शब्द; त्याचा मँडरिन (प्रमाण चिनी) उच्चार ‘खोऊथोऊ’च्या जवळचा आहे. खोऊ म्हणजे ठोकणे, थोऊ म्हणजे डोकं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत ‘कोटाउ’, ‘कोटू’ अशीही रूपं छापली जात. धाक घालण्याच्या ‘काउ’चं मूळ नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेत सांगतात, दोघांत फक्त आवाज जुळतो.

तो साष्टांग नमस्कारही नव्हे. साष्टांगात अंग लांबवर जमिनीला टेकतं. काउटाउत गुडघे टेकायचे, तळवे जमिनीवर ठेवायचे आणि कपाळ जमिनीला लावायचं. धड आडवं होत नाही. चीनच्या छिंग घराण्यातल्या बादशहापुढे एकदा गुडघे टेकून तीनदा कपाळ लावायचं, उठून उभं राहायचं, आणि हे सगळं तीन वेळा. म्हणजे कपाळ नऊ वेळा जमिनीला. पण हाच विधी, कमी आवर्तनांचा, लोक आईवडिलांपुढे आणि पूर्वजांपुढेही करत, आणि तिथे तो निखळ आदर होता. त्यामुळे लेखातलं ‘लाचारीचा चिनी विधी’ हे माझं वाक्य चुकलंच. ते काढलं आहे.

लाचारीचा अर्थ इंग्रजीत चढला, आणि त्यामागे वकिलातींचं भांडण आहे. 1793 मध्ये चीनमधल्या जेहोल इथे ब्रिटिश राजदूत लॉर्ड मॅकार्टनी छ्यानलुंग बादशहापुढे एका गुडघ्यावर बसला, जसा तो स्वतःच्या राजापुढे बसला असता. त्याच्या व्यापारी मागण्या फेटाळल्या गेल्या. 1816 मध्ये पुढचा ब्रिटिश राजदूत लॉर्ड अ‍ॅम्हर्स्टने काउटाउ नाकारला आणि त्याला भेटीविनाच परत पाठवलं. ‘काउटाउ नाकारला म्हणून व्यापार बुडाला’ असं यावरून सर्रास सांगितलं जातं, पण 1795 मध्ये डच वकिलातीने सगळे काउटाउ निमूट केले होते आणि त्यांच्याही हाती सवलत पडली नाही. इंग्रजांच्या लेखी मात्र हा शब्द मानहानीचा झाला. मॅकार्टनीसोबत गेलेल्या जॉन बॅरोच्या 1804 च्या प्रवासवर्णनात तो विधीचं नाव म्हणून येतो. पुढे काही दशकांतच ‘एखाद्यापुढे नको तितकं नमणे’ असं त्याचं क्रियापद झालं.

आता भाषांतर. चापलुसी तोंडाने होते, काउटाउत स्तुती लागतच नाही. ‘बड्या कंपन्यांपुढे सरकारने काउटाउ केला’ याचा अर्थ त्यांच्या अटी मुकाट्याने मानल्या. तिथे ‘चापलुसी केली’ लिहिलंत तर सरकारने गोड बोलून काही मिळवलं, असं वाचलं जाईल. ‘गोंडा घोळणे’ही त्याच कारणाने चालत नाही. ‘नांगी टाकली’ जवळ येतं, पण त्यात आधी लढाई असावी लागते. नेमका शब्द ‘लोटांगण घालणे’. कृती तंतोतंत तीच नाही, हे खरं; पण शब्दाचा प्रवास तोच आहे. देवापुढचं लोटांगण भक्तीचं, आणि ‘पक्षश्रेष्ठींपुढे लोटांगण’ या मथळ्यातलं हिणवणारं. ‘मुजरा’चंही असंच झालं, पण त्याला आता नाचाचा अर्थ चिकटल्यामुळे इथे तो घोटाळा करेल.

चीनविषयीच्या ऐतिहासिक मजकुरात मात्र लोटांगणही नको. तिथे ‘काउटाउ’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणे’ एवढं लिहावं.