साडेतीनशे किलोमीटर, पाच महिने

आज परत "पुढच्या आठवड्यात फोन करा" ऐकून घरी आले. डोकं नुसतं भणभणतंय, म्हणून लिहितेय.

माझी भाची आठ वर्षांची आहे. तिचं नाव, गाव, ती कुठल्या बालगृहात आहे, काही लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तशी ओळख उघड करू देत नाही आणि ते अगदी बरोबर आहे. बहीण वारली. मेहुणा कामासाठी परजिल्ह्यात गेला, पोरीला सोबत घेऊन गेला आणि एका संध्याकाळी तिला स्टेशनवर बसवून निघून गेला. रेल्वे पोलिसांना ती रडताना दिसली. २४ तासांच्या आत तिला तिथल्या बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं पुढं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, हजर केलं. इथपर्यंत सगळ्यांनी चोख काम केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पोरीनं त्याच दिवशी गावाचं नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, आमच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे हेसुद्धा सांगितलं. चौथ्या दिवशी मी तिथं हजर. रात्रभर एसटीत बसून, साडेतीनशे किलोमीटर. पिशवीत आधार, रेशनकार्ड, बहिणीचा मृत्यूचा दाखला, पोरीचा जन्मदाखला.

त्याला आज पाच महिने नऊ दिवस झाले. पोर अजून तिथेच आहे.

कुणी म्हणेल, चौकशी तर करायलाच हवी. हो, करायलाच हवी! मावशी म्हणवणाऱ्या कुणाही बाईच्या हातात पोर सोपवू नका. माझं घर बघा, शेजारीपाजारी विचारा, नवऱ्याला समोर बसवून विचारा. पण करा ना! पोर त्या जिल्ह्यात, घर या जिल्ह्यात, म्हणून तिकडच्या समितीनं इकडे गृहचौकशीसाठी पत्र पाठवलं. साध्या टपालानं. मी इकडच्या कार्यालयात गेले तर "असं काही पत्र आलेलंच नाही". तिकडे फोन केला तर "आम्ही पाठवलं, जावक क्रमांक घ्या". तो क्रमांक घेऊन परत इकडे. असं सात आठवडे चाललं. शेवटी एका भल्या शिपायानं बारनिशी, म्हणजे टपालाची नोंदवही, उघडून बोट ठेवून दाखवलं, पत्र आलेलं होतं, नोंद झालेली होती, दुसऱ्याच टेबलावर गेलेलं होतं. सात आठवडे एक कागद एका टेबलावर पडून होता आणि तिकडे एक लेकरू रोज दाराकडे बघत होतं. मोबाईलवर त्या पत्राचा फोटो मी पहिल्या आठवड्यातच दाखवला होता. "तो चालत नाही, सही-शिक्क्याची प्रत लागते." २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी पाठवलेल्या मुलांवर फोननं लक्ष ठेवा असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं. तेव्हा फोन चालला, मग आता दोन कार्यालयांनी एकमेकांना साधा फोन करायला काय हरकत आहे?

चौकशी झाली, चांगला अहवाल गेला. मग कळलं की आमच्या जिल्ह्यातल्या समितीची मुदत संपलीय, नवीन नेमणुका झाल्या नाहीत, कार्यभार शेजारच्या जिल्ह्याकडे. कायद्यात समिती अध्यक्ष आणि चार सदस्यांची, महिन्यातून किमान २० दिवस बसणारी. आमच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस, तोही कोरम झाला तर. मुदत तीन वर्षांची असते हे नेमतानाच माहीत असतं ना? मग पुढची नेमणूक आधी का होत नाही?

मी शेवटी कायदाच वाचला. कलम ९५. मुलाला त्याच्या राहत्या जिल्ह्यात पाठवायचं तर तिथल्या समितीशी विचारविनिमय करून "शक्य तितक्या लवकर" पाठवा, म्हणे. पोलीस सोबत देण्याचा आदेश निघाल्यावर मात्र १५ दिवस ठरवून दिलेत. म्हणजे दिवस मोजायला सुरुवात होते ती आदेशानंतर. त्याआधीचा पत्रव्यवहार कितीही लांबो, कुणाला जाब द्यावा लागत नाही. सगळं सडतं ते तिथंच!

आणि ते १५ दिवस तरी कुठे पाळले? आदेश निघून २३ दिवस झाले. मुलगी आहे म्हणून महिला पोलीस हवी, हे योग्यच. पण आधी दिवाळीचा बंदोबस्त, मग निवडणुकीचा. पोलीस नसतील तर संस्थेनं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षानं माणूस द्यावा असं त्याच कलमात लिहिलंय, सोबत जाणाऱ्याचा प्रवासखर्च आगाऊ द्यावा असंही. मी कागद पुढे केला. साहेब म्हणाले, "निधी नाही." तिकीट मी काढते म्हटलं तर "तसं करता येत नाही".

मागच्या भेटीत ती पळत आली. डोक्यात उवा झाल्या म्हणून केस बारीक कापलेले, जूनमध्ये मी नेलेल्या चपलांतून टाचा बाहेर. शेजारी बसली आणि पहिलं काय विचारलं? "मावशी, आज माझी तारीख आहे का?"

आठ वर्षांच्या पोरीला हा शब्द माहीत असावा? तिसरीचं अर्धं वर्ष संपलं. बालगृहातल्या ताई प्रेमळ आहेत, पोटभर जेवण आहे, ते मी नाकारत नाही. पण हिचं घर आहे, माणसं आहेत, अंथरूण घातलेलं आहे. पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा असं कायदा म्हणतो. ते चार महिने कुणी खाल्ले ते मला लेखी हवंय.

सोमवारी दोन्ही जावक क्रमांक, अहवालाची प्रत आणि कलम ९५ ची झेरॉक्स घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. समितीच्या कामाबद्दलची तक्रार त्यांनी ऐकायची असते. तिथून थेट रात्रीची एसटी. नवीन चपला घेतल्यात, एक नंबर मोठ्या.